शुभाला पत्र

पुणे, रविवार

प्रिय शुभे,

तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा दाखवला म्हणून रुसली असशील. म्हटलं, लिहायचंच तर निवांत लिहू.

सध्या लिन डेव्हिडमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी माझं डोकं व्यापलंय. १९९१ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. शिकलेल्या, आधुनिक वळणाच्या ज्यू मुली आपणहून कर्मठ धर्माकडे का वळतात, हा प्रश्न. त्यासाठी न्यूयॉर्कमधलं एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि सेंट पॉल शहरातलं लुबाविच या कर्मठ ज्यू पंथाचं निवासी केंद्र त्यांनी जवळून पाहिलं. दुसरी एखादी स्त्रीवादी ‘बिचाऱ्या भुलल्या’ म्हणून मोकळी झाली असती. यांनी ऐकून घेतलं. मुलींना लग्न, घर, आपली माणसं हवी होती, आणि ती मागायची त्यांना लाज वाटत नव्हती.

गंमत म्हणजे बाई स्वतः तसल्याच घरात वाढलेल्या. मुली ज्या दारातून आत शिरत होत्या, त्यातूनच या बाहेर पडलेल्या! वडिलांनी त्यापायी नातं तोडलं.

२०१५ मध्ये त्यांनी हसिदी हा कर्मठ ज्यू पंथ सोडलेल्यांवर लिहिलं. चाळीस जणांच्या मुलाखती. निषिद्ध घास खाणं, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य असलेलं दिव्याचं बटण दाबणं... बंड आधी हातातून, तोंडातून सुरू झालं. हॉस्टेलवर पहिलं अंडं खाऊन तू तीनदा चूळ भरलीस, ते आठवून मी एकटीच हसले.

पण पत्र लिहायला बसले ते मधल्या, २००० सालच्या पुस्तकामुळे. बाई तेरा वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. लहानपणी आई गमावलेल्या साठ जणांशी त्या बोलल्या. बहुतेक घरांत आजार झाकलेला, आणि नंतर आईचं नावही निघायचं नाही.

शुभे, सातवीत काकू गेल्या तेव्हा माझ्या आईने बजावलं होतं, ‘तिच्यासमोर आईचा विषय काढू नकोस.’ म्हणून मधल्या सुट्टीत डबा उघडताना ‘आईने केलंय’ म्हणायचंही मी टाळायचे. शहाणपणा वाटायचा तो. तू मात्र अजून साखर काकूंच्या त्या पोचे पडलेल्या पितळी डब्यातच ठेवतेस. झाकण नीट बसत नाही, मुंग्या लागतात, तरी.

काकूंना नेमकं काय झालं होतं गं? आणि त्या हसायच्या कशा? मला फक्त त्यांच्या बांगड्यांचा आवाज आठवतो.

दिवाळीला येतेय. सांगावंसं वाटलं तर सांग.

तुझीच,
माधवी