दुसरं काम कळवायचं, पण कुणाला आणि कसं? : डीसीएसए या अमेरिकी संरक्षण खात्याच्या सुरक्षा-तपासणी संस्थेच्या संचालकांना खुले पत्र

माननीय संचालक,
डीसीएसए, क्वांटिको, व्हर्जिनिया

महोदय,

अमेरिकी संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत मी अभियंता आहे. माझ्याकडे सिक्रेट दर्जाचा क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायचा परवाना, आहे. घरातल्या आजारपणाची बिलं साचली तेव्हा मी शनिवार-रविवार गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या आणि कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं, हे कळवायचं का? ते म्हणाले, "शिकवण्याच ना? गरज नाही." वर्षभराने त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, "हे लेखी का नाही दिलंत?" पुढचे कित्येक महिने मी क्लिअरन्स जाण्याच्या धास्तीत काढले. क्लिअरन्स गेला की नोकरीही जाते.

दोघांनाही मी दोष देत नाही, कारण नियमच त्यांना धड उत्तर देत नाहीत. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, 2017 पासून लागू असलेल्या 'सीड-4' आदेशातला बाहेरच्या कामांविषयीचा 'एल' निकष दुसऱ्या कामाला सरसकट मनाई करत नाही. त्या कामाने हितसंबंधांचा गुंता होतो का, गुप्त माहिती फुटायचा धोका वाढतो का, हे तो पाहतो. मात्र जिथे कळवणं बंधनकारक आहे तिथे न कळवलं, तर तोही ठपका. मग बंधनकारक कुठे आहे? कर्ज 120 दिवसांच्या वर थकलं तर कळवा, असं क्लिअरन्सधारकांनी काय कळवायचं ते ठरवणारा 'सीड-3' आदेश स्वच्छ सांगतो. देशातल्याच साध्या जोडकामाबद्दल इतका स्वच्छ शब्द नाही. ते ज्या त्या खात्यावर आणि कंपनीवर सोडलंय. क्लिअरन्ससाठीचा एसएफ-86 हा अर्ज भरताना मात्र 10 वर्षांतलं प्रत्येक काम, अर्धवेळसुद्धा, लिहावं लागतं.

मला सर्वांत बोचतं ते पैशाचं. 'सीड-4' मधलाच आर्थिक बाबींचा 'एफ' निकष थकलेलं कर्ज धोक्याचं मानतो आणि ते फेडायची प्रामाणिक धडपड जमेस धरतो. पगारात भागत नसेल तर फेडायचं कशातून? 2018-19 च्या 35 दिवसांच्या शटडाउननंतर (निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडलं होतं) सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळाला, कंत्राटदारांकडच्या माणसांना त्या कायद्याने काहीच दिलं नाही. सीआयएचा अधिकारी अल्ड्रिच एम्स 1985 मध्ये गुपितं विकायला सोव्हिएत हेरखात्याकडे गेला तो पैशाच्या ओढाताणीतून. अशा ओढाताणीत जो माणूस रात्री जागून दुसरं काम करतो, तो नेमकी तुम्हाला हवी तीच वाट धरत असतो.

एकाच तासाचा पगार दोन ठिकाणी घेणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. सरकारच्या टाइमशीटवर खोटे तास भरणं ही फसवणूक आहे. परदेशी कंपनीचं काम असेल तर खोलात चौकशी व्हायलाच हवी.

कंत्राटदार कंपन्यांवर देखरेख आपल्या संस्थेची आहे, म्हणून मागणी आपल्याकडे. दुसऱ्या कामासाठी सर्व कंपन्यांना एकच साधा फॉर्म द्या. तो भरल्यावर 30 दिवसांत लेखी होकार किंवा नकार मिळावा. सुरक्षा अधिकारी बदलला तरी ते उत्तर कायम राहावं. शिकवणी, दुकानातलं काम, गाडी चालवणं अशा कामांना नुसती नोंद पुरेशी ठरवा.

माझ्या शिकवण्या मी त्या वेळी बंद केल्या. बिलं अजून फिटायची आहेत.

आपला,
एक क्लिअरन्सधारक अभियंता