पुश की क्यू : होटगी रोडच्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सा. न.

दिवाळीत सोलापूरला आलो होतो तेव्हा एका रात्री लॅपटॉप घेऊन थेट तुमच्या घरी आलो. तुम्ही जेवायला बसला होतात, तरी म्हणालात, "आण इकडं, बघू." त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

माझी रेक्स स्क्रिप्ट (आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालणारा, रेक्स भाषेतला छोटा प्रोग्रॅम) एक फाइल तयार करायची : वर हेडर, मधे नोंदी, शेवटी ट्रेलर. सगळ्या ओळी मी पुश या सूचनेने स्टॅकवर, म्हणजे ओळी तात्पुरत्या ठेवायच्या चळतीवर, टाकत होतो. स्टॅकवरच्या ओळी फाइलमध्ये उतरवणाऱ्या एक्झेकआयओ कमांडने लिहिलेली फाइल उघडली की ट्रेलर वर आणि हेडर तळाला! शिवाय लिहून झाल्यावर स्क्रिप्ट तिथंच अडकायची. कुणीतरी सांगितलं, शेवटी रिकामी ओळ घाल. तीही मी पुशनेच घातली. मग तर फाइल कोरी, आणि टीएसओ (मेनफ्रेमवर आपल्या कमांड घेऊन चालवणारी प्रणाली) माझ्या नोंदींनाच कमांड समजून एकामागून एक 'नॉट फाउंड' छापत सुटला. दोन रात्री झोप नव्हती.

काकूंनी कडक भाकऱ्यांची चळत पुढ्यात ठेवली होती. तुम्ही वर एक भाकरी ठेवलीत आणि तीच उचललीत. "बघ की, हा पुश. शेवटी ठेवली ती आधी हातात." मग चळत उचलून एक तळाशी सरकवलीत. "आणि हा क्यू. स्टॅकवरून ओळ काढणारा पुल काय, कायम वरचीच घेणार."

तिथंच उलगडलं. रिकामी ओळ दिसली की लिहिणं थांबतं, आणि मी ती सगळ्यांत वर ठेवली होती. बाकीच्या ओळी स्टॅकवर तशाच राहिल्या आणि स्क्रिप्ट संपल्यावर टीएसओने त्या वाचायला घेतल्या. पुशच्या जागी क्यू केलं, रिकामी ओळसुद्धा क्यूनेच, आणि फाइल पहिल्या फटक्यात सरळ आली.

पण पुशला तुम्ही नावं ठेवली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. वाचता वाचता पुढच्या नोंदीची ओळ हातात आली तर ती पुशने परत वर ठेवायची, म्हणजे पुढच्या पुलला तीच मिळते. गेल्या आठवड्यात एका रिपोर्टसाठी नेमकं हेच लागलं. दुसऱ्या कुणाच्या ओळी आपल्यात मिसळू नयेत म्हणून आधी न्यूस्टॅकने वेगळा स्टॅक उघडायचा, काम झालं की डेलस्टॅकने तो काढून टाकायचा, हेही आता हाताला बसलंय.

आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी १९७९ साली ही भाषा लिहायला घेतली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्या टीममध्ये ती शेजारी बसून शिकवणारं कुणी नाही. तुम्ही ताटावर बसून शिकवलीत.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येतोय. रिपोर्टची स्क्रिप्ट घेऊन येईन, तुम्ही एकदा नजर टाका. काकूंना नमस्कार.

तुमचा,
गल्लीतला पोरगा