फॉर्मवरचा ‘नाही’

परळ, मुंबई

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वसतिगृहाच्या वैद्यकीय फॉर्मवर ‘पूर्वी झालेली शस्त्रक्रिया’ या रकान्यात तू ‘नाही’ लिहिलेस, असे आईकडून कळले. ते खोडून ‘जन्मजात लोबर एम्फिसीमा, डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढलेला आहे’ असे स्पष्ट लिही. काखेखालच्या व्रणाची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण तपशील आम्हीच कधी नीट सांगितला नाही.

जन्मल्यावर तू रडलास, दूधही ओढलेस. पुढे मात्र नाकपुड्या फुलू लागल्या आणि श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडू लागला. निरोगी नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेते; तुझा वेग त्याच्या बराच पुढे गेला होता. एक्स-रेत छातीची डावी बाजू काळीभोर दिसत होती आणि हृदय उजवीकडे सरकले होते. फुप्फुसाबाहेर हवा साठली असावी, अशा समजुतीने छातीत नळी घालण्याची तयारी झाली. तेवढ्यात बालशल्यविशारदांनी फिल्म उजेडासमोर धरून त्या काळ्या भागातल्या फुप्फुसाच्या पुसट रेषा दाखवल्या. हवा फुप्फुसाच्या खंडातच कोंडली होती, आणि नळीने त्या फुगलेल्या खंडालाच इजा झाली असती.

त्या खंडाच्या श्वासनलिकेतील कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, कमकुवत असली, की नलिका श्वास घेताना उघडते आणि सोडताना मिटते. सायकलच्या ट्यूबप्रमाणे हवा आत जाते, पण परत येत नाही, आणि फुगत जाणारा खंड शेजारचे निरोगी फुप्फुस व हृदय दाबू लागतो. यालाच लोबर एम्फिसीमा म्हणतात. हा दोष सर्वाधिक आढळतो तो डाव्या वरच्या खंडातच. जवळपास निम्म्या बाळांत त्याचे कारण सापडतही नाही. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, असे सांगणाऱ्या नातेवाइकांचा मला आजही राग येतो.

बालपणी फुप्फुसात नवे वायुकोश तयार होत राहतात, त्यामुळे उरलेल्या भागाने उणीव बरीच भरून काढली. शिवाजी पार्कवर तू दमल्याचे मी पाहिलेले नाही. खरे लिहिल्याने संघातून वगळतील, ही भीती सोडून दे. उद्या खोकल्यासाठी एक्स-रे काढला किंवा कशासाठी भूल द्यावी लागली, तर समोरच्या डॉक्टरांना हे आधी माहीत असलेच पाहिजे.

डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनच्या अहवालाच्या प्रती सोबत पाठवत आहे. मूळ कागद माझ्याकडेच राहतील. तुझ्याकडे ते आठवडाभरही टिकणार नाहीत.

तुझे,
बाबा