चिऱ्यांच्या छोट्या घराबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमचा नकाशा मिळाला. आतून १५ बाय १२ फुटांची खोली, पश्चिमेला पडवी, मागे न्हाणी-संडास. तुम्हा दोघांना भरपूर झालं, वाढवू नका. फक्त स्लॅबवर फुली मारा. कोकणातल्या पावसात स्लॅब आज ना उद्या ठिबकतो, मग त्यावर लोखंडी खांब उभारून पत्रा टाकायचा. गावात मान वर करून बघा, किती जणांनी छपराचे पैसे असे दोनदा मोजलेत! त्यापेक्षा पहिल्यापासून मंगलोरी कौलं घालू.

पाखं, म्हणजे छपराचा उतार, ३० अंशांचं ठेवा. त्याहून चपटं झालं तर नैर्ऋत्येचा वारा पाणी कौलाखालून वर ढकलतो. भिंतीबाहेर छप्पर अडीच फूट तरी यायला हवं, नाहीतर पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडून जांभ्याचा चिरा बारा महिने ओला राहतो. एवढ्या छपराला सव्वाचार ब्रास (एक ब्रास १०० चौरस फुटांचा), म्हणजे साधारण ६३० कौलं लागतील. फूटतूट धरून ७०० मागवा. पडवीची आणि वरची कोनाची कौलं वेगळी. कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या रिपांमधलं अंतर सुताराला तोंडी सांगू नका. आलेल्या मालातली दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून लावा, आधी ताणून मोजा, मग दाबून मोजा आणि सरासरी धरा. भट्टीगणिक माप थोडं बदलतं आणि तो फरक नेमका शेवटच्या ओळीत बाहेर येतो.

चिरे १४ बाय ९ बाय ७ इंची धरले तर नऊ फूट उंच भिंती, दोन्ही बाजूंचे त्रिकोण आणि दोन फूट जोतं मिळून हजारभर लागतील. न्हाणीला आणखी दोनशे. पाया काळ्या दगडाचा. गाडी उतरवताना पांढऱ्या-पिवळ्या मातीचे डाग असलेला चिरा बाजूला काढा. ती माती पावसात धुऊन जाते आणि भोक उरतं. हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला तर तोही नको. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो, म्हणून माल आत्ताच आणून ठेवा.

लावण्याआधी चिरा भरपूर भिजवायचा. कोरडा चिरा सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेतो, मग सिमेंट धरत नाही आणि सांधा नखाने खरवडता येतो. माल एकास सहा, म्हणजे एका गोणीला साडेसात घनफूट वाळू. गवंडी घमेल्याच्या अंदाजाने घालतात, म्हणून सव्वा घनफुटाचं खोकं करून द्या. सांधा अर्ध्या इंचाहून जाड नको.

दारं-खिडक्यांच्या डोक्यावर चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्या. ९ बाय ६ इंच, चार सळ्या १० मिलिमीटरच्या, दर सहा इंचांवर रिंग. फक्त दारावर तुकडा टाकून भागवू, असं मिस्त्री म्हणेल. ऐकू नका. कोयनेचे धक्के आपल्याला नवे नाहीत आणि कोपरे बांधून धरतो तो हाच पट्टा.

आई, न्हाणीचं तू लक्षात ठेव. चिऱ्यात स्क्रू आणि त्याच्यासाठी भोकात ठोकायची गिट्टी धरत नाहीत, भुसा होऊन बाहेर येतात. धरायचा दांडा नंतर बसवता येणार नाही. म्हणून कमोडशेजारच्या भिंतीत, जमिनीपासून अडीच फुटांवर, बांधतानाच चिऱ्याच्या मापाचे दोन काँक्रीटचे ठोकळे घालायला सांग. दार ३२ इंची, बाहेर उघडणारं, उंबरठा नाही. आतून कोणी दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. जोतं दोन फूट म्हणजे सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. तुझ्या गुडघ्यांसाठी जोतं कमी करायचं बाबांच्या मनात आहे, पण त्याने ओल आणि वाळवी दोन्ही घरात येतील. पायऱ्या हव्या तर रुंद करा.

संडासाला दोन शोषखड्डे, आलटून पालटून वापरायचे. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, तेव्हा खड्डे विहिरीपासून ५० फूट तरी लांब आणि विहिरीच्या खालच्या उताराला.

दिवाळी झाली की पाया खणायला घ्या. भिंती फेब्रुवारीत संपल्या पाहिजेत. बांधकामाला निदान सात दिवस, पट्ट्याला दहा दिवस पाणी मारावं लागतं आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. कौलं मेच्या मध्यापर्यंत चढली की मृगाआधी गळती बघायला वेळ उरतो. चार-पाच बादल्या पाणी आढ्यावरून ओतून बघायचं, पावसाची वाट बघत बसायचं नाही.

ग्रामपंचायतीचा कागद हातात आल्याशिवाय गवंड्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

तुमची लेक