काबोवर आधी मठ होता

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दोना पावलावरचा लेख आवडला. मात्र तिथल्या काबो भूशिरावरच्या राजभवनाला, म्हणजे गोव्याच्या राज्यपालांच्या निवासस्थानाला, लेखकाने 'पोर्तुगीज गव्हर्नरांनी स्वतःसाठी बांधलेला राजवाडा' म्हटले आहे, ते साफ चूक. तिथे आधी चॅपेल आले, मग मठ. सरकार आले फार उशिरा.

मांडवी आणि जुवारीच्या मुखांमध्ये घुसलेल्या त्या भूशिरावर सोळाव्या शतकाच्या मध्याला काबोच्या सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, चॅपेल झाले आणि शतक संपता संपता फ्रान्सिस्कन पाद्रींनी त्याला लागून मठ बांधला. पोर्तुगीज भाषेत तो 'कोन्व्हेन्त'. हे एकदा वाचनालयात बोललो, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तिथे इंग्रजी शाळा होती?" त्यांना तरी काय बोलायचे! कॉन्व्हेंट म्हटले की आपल्याला टाय आणि बूटच आठवतात. पुढे १७९९ ते १८१३ इंग्रज पलटणी गोव्यात होत्या, त्यांचा तळ काबोवर पडला. दोना पावलाच्या वाटेवरची इंग्रजांची दफनभूमी त्याच काळातली. मग आर्चबिशप राहून गेले, गव्हर्नर राहू लागले, आणि १९१८ मध्ये ते गव्हर्नर जनरलांचे अधिकृत निवासस्थान ठरले.

'सरकारी झाली की वास्तू मरते', अशी हळहळ लेखकाने शेवटी व्यक्त केली आहे. त्यांनी एकदा जुने गोवे गाठून सेंट ऑगस्टिनच्या मठाचा उरलेला बुरूज पाहावा. १८३५ मध्ये गोव्यातले मठ बंद झाले, पाद्रींना निघावे लागले, आणि तो प्रचंड मठ ओस पडला. सात वर्षांत छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा बुरूज गेला. घंटा तेवढी वाचली, ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. याउलट त्याच टेकडीवरच्या सांता मोनिका या नन्सच्या मठात नन्सनंतर लष्कर राहिले, १९६४ पासून पुन्हा नन्स आल्या, आणि इमारत धडधाकट आहे. आमच्या पावसात चिऱ्याच्या भिंतीला माणूस लागतो. कौल फुटले की त्याच आठवड्यात कुणीतरी वर चढले पाहिजे. तो माणूस पाद्री आहे की सरकारी नोकर, हे भिंत विचारत नाही. सरकारी माणसे चुना लावताना जुने काय झाकतात, यावर मी लेखकाशी वाद घालणार नाही. तिथे त्यांचे खरे असू शकते.

आणखी एक. जिचे नाव या जागेला आहे त्या दोना पावलाने कोळ्याच्या प्रेमापायी कड्यावरून उडी घेतली, ही गाइडांची लाडकी कथा लेखकाने खरी म्हणून दिली आहे. त्या बाईच्या नावाचा थडग्याचा दगड काबोच्या चॅपेलमध्येच आहे. विवाहित, खानदानी बाई ती. १६८२ मध्ये वारली. मी तो पाहिला, तेव्हा लोक त्याच्या समोरून मेणबत्त्या घेऊन जात होते आणि वाचायला कुणी थांबत नव्हते. थांबले असते तरी अक्षरे पोर्तुगीज.

चॅपेलचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, १५ ऑगस्टला असते, त्या दिवशी चॅपेल लोकांसाठी खुले असते. लेखकांनी अवश्य यावे. छत्री आणि ओळखपत्र दोन्ही आणावे, फाटकावर तपासणी होते.

– आपला एक जुना वाचक, ताळगाव