नोकरी सोडलीय, काम सोडलं नाही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने अर्ध्यातच फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी "बरं" म्हणून ठेवला असता. म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिलाय. ३१ तारीख शेवटची. कोणाशी भांडले नाही, कोणी काढलंही नाही. आता पगारावर नाही, एपिसोडवर पैसे घेऊन स्टोरीबोर्ड करणार. सहा एपिसोडचा करार आधी सही होऊन आला, मग राजीनामा दिला. आई, हे वाक्य दोनदा वाच.

बाबा, मिरजेला तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते. ॲनिमॅटिक लॉक होता, एवढंच तेव्हा म्हणाले. ते काय असतं ते आज तरी नीट सांगते, कारण आत्याला तुम्ही अजून "कार्टून काढते" एवढंच सांगता.

कापडाला कात्री लावायच्या आधी तुम्ही खडूने आखायचात, तसा माझा स्टोरीबोर्ड: चित्र हलतं करायच्या आधी गोष्ट शॉटशॉटने आखायची. खडू पुसता येतो. ११ मिनिटांचा एपिसोड म्हणजे ६६० सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १६,५०० फ्रेम. त्या हलत्या करायला पुढे अख्खी टोळी बसते. शॉट चुकलाय हे तिथे कळलं तर कापड गेलं. माझ्याकडे असताना चूक पाच मिनिटांत पुसली जाते.

स्क्रिप्ट आली की आधी काडेपेटीएवढी चित्रं काढायची, कोण कुठे उभा आणि कॅमेरा कुठे एवढ्यापुरती. ती दिग्दर्शकाने पास केली की मोठे रफ पॅनल, म्हणजे शॉटची कच्ची चित्रं. मग ते आवाजावर बसवून ॲनिमॅटिक. तो म्हणजे तुमची कच्च्या टाक्यांची ट्रायल. तो पक्का ठरला की लॉक. पहिल्या ट्रायलला एपिसोड हमखास साडेबारा मिनिटांचा भरतो. नवखी पोरं तेव्हा थांबे कापतात आणि तिथेच हसू मरतं. पडल्यावर पात्र अर्धा सेकंद गप्प राहिलं तरच पुढचं "आई गं" हसवतं. कापायची ती चालत येणारी, दार उघडणारी माणसं.

स्क्रिप्टमध्ये "गावभर पळापळ होते" असं एका ओळीत लिहून लेखक मोकळा होतो. ती ओळ तशीच काढली तर चाळीस माणसं हलवायला लागतात आणि बजेट तिथेच संपतं. मी धुळीचा लोट काढते, पुढे तीन चेहरे, एक उलटलेली पाटी, बाकी सगळं आवाजावर. लेखकाने "त्याला वाईट वाटतं" असं लिहिलं तर मी विचारते, दिसतं काय? हातातला लाडू परत ताटात ठेवतो, असं लिहा. दुकानाच्या पाटीवरचा विनोदही चालत नाही, कारण तोच एपिसोड तमिळ-तेलुगूत डब होतो आणि पाटी तशीच राहते.

बाकी चुका साध्याच, पण जीव खातात. दोघं समोरासमोर बोलत असताना कॅमेरा त्यांच्यामधली रेघ ओलांडून पलीकडे गेला, की दोघंही एकाच बाजूला बघतायत असं वाटतं. आधीच्या शॉटमध्ये छत्री उजव्या हातात, पुढच्यात डाव्या. पोझ कळतेय का ते बघायला मी ती पूर्ण काळी भरते. नुसत्या सावलीवरून कळली नाही तर पुन्हा काढते.

आणि हे आजकालचं खूळ नाही. चित्रं भिंतीला टाचून गोष्ट बघायची पद्धत डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात रुळली. तिथलाच ॲनिमेटर क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशन शिकवायला आला होता. त्याच्या हाताखाली शिकलेल्या राम मोहनना पुढे पद्मश्री मिळाली. हे आत्याला जरूर सांगा.

पैशांचं: तीस टक्के सुरुवातीला, चाळीस रफवर, तीस लॉकला. दुरुस्त्या दोन फेऱ्या, तिसरीचे वेगळे पैसे, तसं करारात लिहून घेतलंय. टीडीएस कापून येणार, त्याचा हिशेब मी ठेवते. आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढलाय, तो मोडणार नाही.

तुमचा मेडिक्लेम माझ्या कंपनीतून होता, तो नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडून तुम्हा दोघांची वेगळी पॉलिसी करायला राजीनाम्याआधीच अर्ज दिला होता, ती झालीय. बाबांची शुगर आणि आईचं बीपी, दोन्ही अर्जात लिहिलंय. कोणाचा फोन आला तर "काही त्रास नाही हो" म्हणायचं नाही. खरं सांगायचं.

आता महिन्यातले दहा-बारा दिवस मी सांगलीत. माडीवरची खोली मला द्या. नेट मी घेते, इन्व्हर्टरची बॅटरी मात्र आत्ताच बदलून घ्या, लाइट गेली की माझी पेन-स्क्रीन बंद पडते. आई, माझ्यासाठी म्हणून डब्यांवर डबे भरायचे नाहीत. भडंग चालेल. दुपारी तीनला तुझा चहा वर आला तर मी "काम आहे" म्हणणार नाही, शप्पथ.

बाबा, डोळ्यातले थेंब वेळेवर. बरं वाटलं म्हणून बंद करायचे नाहीत. पावसात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ३५ फुटांवर गेलं की दोघांनी विश्रामबागला आत्याकडे जायचं. ४० चा इशारा होईपर्यंत थांबायचं नाही, २०१९ ला आपण थांबलो होतो. मशीन वरच आहे, ती कुठे जात नाही.

आणि भंगारवाल्याला कटिंगचं टेबल देताय असं आईकडून कळलं. देऊ नका. त्याच्या खाली मी अभ्यास केलाय, आता वर काम करेन. उभं राहून काढलं की माझी मान दुखत नाही. उंची मोजून कळवा, इंचात. तुमच्याच टेपने मोजा, आईच्या टेपचं टोक झिजलंय.

तुमची,
पमी