स्थूल मुलासाठी वेगळे ताट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी होतात आणि ज्यांचे वजन जास्त भरते त्यांच्या घरी चिठ्ठी जाते. नाशिकमध्ये प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवताना त्या चिठ्ठीनंतर काय घडते हे मी जवळून पाहिले आहे. मुलाच्या पोळ्या मोजल्या जातात, डब्यावरचे तूप बंद होते, संध्याकाळी त्याला एकट्याला मैदानाला फेऱ्या मारायला धाडले जाते. आणि त्याच घरात फ्रीजमधली थंड पेयाची बाटली, रात्री वडिलांसाठी येणारी फरसाणाची पुडी आणि जेवताना चालू असलेला टीव्ही हे सारे जसेच्या तसे राहते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने सगळ्यांच्या देखत एकट्याने मन मारावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते, आणि तिचा उपयोगही होत नाही.

या विषयावर वैद्यकशास्त्रात जुने आणि भक्कम काम झालेले आहे. अमेरिकेतील संशोधक लेनर्ड एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये स्थूल मुलांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गटात मुलाबरोबर पालकानेही स्वतःच्या सवयी बदलल्या आणि स्वतःचे वजन कमी करण्याचा प्रयत्न केला, त्या गटातील मुलांच्या अतिरिक्त वजनाचे प्रमाण दहा वर्षांनंतरही सुरुवातीपेक्षा सुमारे ७.५ टक्क्यांनी कमी होते. केवळ मुलावर लक्ष दिलेल्या गटात मात्र ते वाढलेले आढळले. त्याच संशोधकांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ४५२ कुटुंबांचा असून तो नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत दोन वर्षे चालला. त्यात मूल आणि पालक दोघांनाही लाभ झालाच, शिवाय ज्या भावंडांवर कोणताही उपचार केलेला नव्हता त्यांच्यातही सुधारणा दिसली. घरात शिजते ते बदलले की ते सगळ्यांच्याच पानात बदलते, हे खरे तर आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागू नये.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जपून हाताळायला हवा, याचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून कळते. दिसायला बारीक असलेल्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असते, आणि म्हणून मधुमेहाचा धोका आपल्याला कमी वजनावरच गाठतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्याशी) जुळणाऱ्या रेषा अतिवजन आणि स्थूलता यांसाठी धरल्या आहेत, त्या याच कारणाने. ‘खात्यापित्या घरचे मूल आहे’, ‘उंची वाढली की अंग आपोआप झडेल’ असे म्हणून वर्षे घालवू नयेत. मानेच्या मागे काळपट, जाडसर पट्टा दिसत असेल तर अनेक आया तो मळ समजून बेसनाने घासतात. तो शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे चिन्ह असू शकतो आणि तो डॉक्टरांना दाखवायला हवा. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे, की बहुतेक लहान मुलांचे वजन उतरवण्याची गरज नसते. उंची वाढत असताना वजन तेवढेच राखले तरी पुष्कळ साधते. त्यामुळे मुलाला उपाशी ठेवणे किंवा एखादे जेवण बंद करणे हा उपाय नव्हे.

घरात काय शिजेल, केव्हा वाढले जाईल आणि कुठे बसून खाल्ले जाईल हे मोठ्यांनी ठरवावे, आणि किती खायचे हे मुलाच्या भुकेवर सोडावे, अशी एक साधी वाटणी आहारतज्ज्ञ सुचवतात. आपल्या घरांत ती नेमकी उलटी असते. काय हवे ते मूल मोबाइलवर बोट ठेवून सांगते आणि किती खायचे ते ‘अजून एक पोळी, माझ्यासाठी’ म्हणणारी आजी ठरवते. आजीची माया खोटी नसते, म्हणूनच तिला वगळून चालणार नाही. नाशिकचे पेरू, द्राक्षे, मटकीची उसळ आणि भाकरी हे सारे तिच्याच हातचे आहे. रविवारची मिसळही सोडायला नको. तर्री आणि पाव कमी, मटकी जास्त, आणि घरातल्या प्रत्येकासाठी तशीच, एवढे पुरे. थंड पेयाच्या २५० मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे पाच चमचे साखर असते, ती मात्र कुणासाठीच घरात येऊ नये. रात्री उशिरापर्यंत जागणारे मूल दुसऱ्या दिवशी अधिक खाते, त्यामुळे झोपेची वेळही सगळ्या घराची ठरलेली असावी.

हे सारे आईच्या एकटीच्या डोक्यावर टाकले जाते, याचे मला फार वाईट वाटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे वडील मुलाबरोबर रोज जेवू शकत नाहीत हे खरे, पण सुटीच्या दिवशी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर ते मुलाचा हात धरून नक्की जाऊ शकतात. मुलांना दिवसाला ६० मिनिटांची हालचाल लागते, आणि एकट्याने फेऱ्या मारण्यापेक्षा वडिलांबरोबर चालणे कोणतेही मूल आनंदाने करील.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत अशा कुटुंबांना ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळावे असे म्हटले आहे. आपल्याकडे दहा मिनिटांच्या तपासणीत एक छापील आहारतक्ता हाती पडतो. इतके तास आज कोणत्याही दवाखान्याला परवडणार नाहीत हे मी समजू शकते; पण आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्या शहरात महापालिकेने आणि बालरोगतज्ज्ञांनी मिळून प्रत्येक विभागात महिन्यातून एक संध्याकाळ, पाळी सुटल्यानंतरच्या वेळेला, अशा कुटुंबांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. शाळेपासून ५० मीटरच्या आत मेद, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ विकू नयेत हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियमही आपल्याकडे अमलात यावा. आणि शाळांनी या वर्षीच्या पहिल्याच पालकसभेत हा विषय घ्यावा, तिला वडिलांना आणि आजी-आजोबांनाही आवर्जून बोलवावे, तसेच वर्गात सर्वांसमोर मुलाचे वजन मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक